लेबलावरचं शिंग: ‘जिंजर’ या शब्दाचा एक तपास

प्रकरण एका ओळीचं आहे. ती डब्याच्या लेबलावर छापायची की नाही, एवढाच प्रश्न होता. त्याला तीन आठवडे लागले.

आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या काकू थंडीत आल्याच्या वड्या करतात. चोइथराम मंडीतून आलं येतं, ते धुऊन, सालं खरवडून, वाटून, साखर आणि सायीबरोबर कढईत आटवलं जातं आणि तूप लावलेल्या ताटात थापून वड्या पडतात. बरीच वर्षं हे शेजारापाजारापुरतं होतं. दोन हिवाळ्यांपूर्वी त्यांच्या सुनेनं वड्यांना डबा दिला, डब्याला लेबल दिलं आणि इंदुराबाहेर, पुण्या-बडोद्याकडे पार्सलं जाऊ लागली. यंदा लेबल नव्यानं करायचं ठरलं. पुढे तीन भाषांत नाव: आल्याची वडी, अदरक पाक, जिंजर कँडी. मागे ‘शब्दाची गोष्ट’ म्हणून चार ओळी. मी भाषांतर आणि मुद्रितशोधनाची कामं करते, म्हणून मजकूर माझ्याकडे आला. ऱ्हस्व-दीर्घ पाहून तासाभरात देते, असं मी बोलूनही बसले.

मजकूर असा होता: “इंग्रजी ‘जिंजर’ हा शब्द संस्कृत ‘शृंगवेर’वरून आला. शृंग म्हणजे शिंग, वेर म्हणजे शरीर. शिंगांसारखं अंग असलेलं ते शृंगवेर.” शेजारी एका मुलीनं काढलेलं आल्याचं चित्र, फाटे फुटलेलं, थेट सांबराच्या शिंगासारखं. चित्र फार सुरेख होतं. अडचण तिथूनच सुरू झाली, कारण चित्र सुरेख असलं की मजकुरावर कुणी शंका घेत नाही.

ओळ कुठून आली

ओळ व्हॉट्सॲपवरून आली असती तर काम सोपं होतं. ती आली होती काकूंच्या सासऱ्यांच्या वहीतून. ते शाळेत संस्कृत शिकवत. वही शाईच्या पेनानं लिहिलेली, समासात लाल पेन्सिलीच्या खुणा. एका पानावर अमरकोशातला चरण, ‘आर्द्रकं शृङ्गवेरं स्यात्’, त्याखाली शिंगाची फोड, आणि त्याहीखाली वेगळ्या शाईत ‘तुलना: इं. जिंजर’.

यातलं निम्मं पक्कं होतं. अमरकोशाच्या दुसऱ्या कांडात, वैश्यवर्गात तो चरण आहे. ओल्या आल्याची दोन नावं तिथे दिली आहेत, आर्द्रक आणि शृंगवेर; वाळलेल्याची पुढे येतात: शुंठी, महौषध, नागर, विश्वभेषज. जिंजर आणि शृंगवेर एकमेकांचे नातलग आहेत हेही कुठल्याही चांगल्या इंग्रजी कोशात सापडतं. मला खटकलं ते ‘वेर म्हणजे शरीर’. शरीराला संस्कृतात शब्दांची काय वाण? देह, काय, तनू, गात्र, वपू, कलेवर. पण ‘वेर’ मी एकाही श्लोकात वाचलेला नव्हता.

मोनियर-विल्यम्सचा संस्कृत-इंग्रजी कोश उघडला. ‘वेर’ आहे, अर्थही शरीर असाच आहे. पण अर्थापुढे एक बारीक खूण आहे, रोमन ‘एल’. म्हणजे हा अर्थ जुन्या कोशकारांनी नोंदवला आहे, ग्रंथांत प्रत्यक्ष वापरलेला मिळत नाही. असे शब्द खोटेच असतात असं नाही. पण एकाच खटल्यात उभा राहणारा साक्षीदार असावा, तसं त्यांच्याकडे बघावं लागतं. मी सुनेला फोन करून सांगितलं, छपाईला इतक्यात देऊ नकोस.

“मावशी, एक हजार लेबलं आहेत, पुस्तक नाही,” ती म्हणाली. तिचंही बरोबर होतं.

उलट्या पायऱ्या

शब्दाचं मूळ शोधताना लोक बहुधा दोन टोकं हातात धरतात आणि जवळ ओढतात. इकडे जिंजर, तिकडे शृंगवेर, दोन्हींत ज-श-ग-र असं काहीतरी आहे, झालं. हे करायचं नसतं. आजच्या रूपापासून मागे मागे जायचं, एकही पायरी न गाळता, आणि प्रत्येक पायरीवर विचारायचं: हे रूप कुणी, केव्हा, कुठे लिहिलं?

इंग्रजीपासून सुरुवात केली. आजचा ‘जिंजर’ आखूड आहे. मध्ययुगीन इंग्रजीत त्याची रूपं लांब होती, साधारण ‘जिंजिवेर’सारखी. त्याहून मागे, सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत, वैद्यकीच्या लिखाणात ‘गिंगिफेर’ असं लिहिलेलं सापडतं. म्हणजे शृंगवेरची शेपटी, ते ‘वेर’, इंग्रजीत एके काळी शाबूत होती. वापरता वापरता झिजली. शब्द इंग्लंडात दोन दारांनी आला हेही इथे दिसतं. आधी लॅटिन वैद्यकीतून, आणि १०६६ नंतर नॉर्मन राजवटीबरोबर फ्रेंचमधून पुन्हा एकदा. फ्रेंच लोक आजही ‘जँजाँब्र’ म्हणतात.

फ्रेंचच्या मागे उत्तरकालीन लॅटिन ‘गिंगिबेर’ आणि त्याच्या मागे अभिजात लॅटिन ‘झिंगिबेरी’. इथे थोरला प्लिनी भेटतो. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात वारलेला हा रोमन, त्यानं आपल्या ज्ञानकोशाच्या बाराव्या खंडात आल्याची नोंद केली आहे. तो म्हणतो, याला झिंगिबेरी किंवा झिंपिबेरी म्हणतात. काहींना ते मिरीच्या झाडाचं मूळ वाटतं, पण तसं नाही. भाव पौंडाला सहा दिनार. काळी मिरी त्याच्याकडे चार दिनारांना आहे, म्हणजे आलं मिरीहून महाग. (काकूंना हा भाव सांगितला तेव्हा त्या म्हणाल्या, “आणि माझ्या डब्याचे पैसे देताना लोक कुरकुर करतात.”) आलं कुठून येतं याबद्दल मात्र प्लिनी फसलेला आहे. ते अरबस्तानात आणि तांबड्या समुद्राच्या आफ्रिकी किनाऱ्यावर पिकतं असं तो लिहितो. माल ज्या बंदरातून हातात पडला तेच त्याचं गाव, असा हा समज. व्यापाऱ्यांनीही तो दूर केला नसावा. मालाचं खरं ठिकाण कोण सांगतं?

लॅटिनच्या मागे ग्रीक ‘झिंगिबेरिस’. पहिल्याच शतकातला वैद्य डायोस्कोरिडीस हे नाव वापरतो. १८०७ मध्ये विल्यम रॉस्को यांनी वनस्पतीला जे शास्त्रीय नाव दिलं, झिंजिबर ऑफिसिनाले, त्यातही हीच जुनी खूण आहे.

इथवर सगळं सरळ चाललं होतं. आता ग्रीकांनी शब्द नेमका कुणाकडून घेतला, एवढंच उरलं.

एक वेलांटी

‘झिंगिबेरि’ आणि ‘शृंगवेर’ शेजारी शेजारी लिहून पाहा. शृ मधला र-कार ग्रीकमध्ये नाही. ते समजू शकतं, परक्या जिभेवर असं होतं. पण दुसरं अक्षर बघा. संस्कृतात ‘ग’, ग्रीकमध्ये ‘गि’. ही वेलांटी कुठून आली?

आपल्याला वेलांटी-काना किरकोळ वाटायला नको. ‘ध’चा ‘मा’ झाल्यावर काय होतं हे मराठी माणसाला कुणी शिकवायची गरज नाही.

उत्तर पालीत मिळालं. विनयपिटक हा बौद्ध भिक्षूंच्या नियमांचा ग्रंथ; त्याच्या महावग्ग या भागात भिक्षूंना कोणती औषधं जवळ ठेवता येतील याचं प्रकरण आहे. त्यात मुळांपासूनची औषधं एकत्र दिली आहेत: हळद, वेखंड, अतिविष, कुटकी, वाळा, नागरमोथा. हळदीच्या लगेच पुढे आलं आहे, आणि त्याचं नाव आहे ‘सिंगिवेर’. वेलांटीसकट.

तर हिशेब असा झाला. पाली सिंगिवेर, ग्रीक झिंगिबेरि, लॅटिन झिंगिबेरी, जुनी इंग्रजी गिंगिफेर: सगळीकडे वेलांटी. एकटं संस्कृत शृंगवेर तिच्याविना. शृंगवेर हे मूळ धरलं तर प्राकृतात त्याचं ‘सिंगवेर’ व्हायला हवं. शृंगचं सिंग होणं रोजचंच आहे, आपलं ‘शिंग’ तसंच झालं. पण मधल्या ‘ग’ला वेलांटी लागायला काही कारण दिसत नाही. उलट दिशेनं पाहिलं की कारण लगेच दिसतं. मूळ शब्द ‘सिंगिवेर’सारखाच होता; तो ऐकून संस्कृत पंडितांनी त्याला ओळखीच्या ‘शृंग’मध्ये बसवलं. आणि आलं तर खरंच शिंगासारखं दिसतं! असा योग जुळून आल्यावर मोह कुणाला आवरेल?

मग ‘सिंगिवेर’ तरी काय आहे? तमिळ आणि मल्याळममध्ये आल्याला ‘इंजि’ म्हणतात आणि मुळीला ‘वेर’. कानडीत मुळीला ‘बेरु’. म्हणजे इंजिवेर, आल्याची मुळी. सुरुवातीचा व्यंजनवर्ण कुठे गेला, हा प्रश्न रास्त आहे. दक्षिणेकडच्या द्राविडी भाषांत शब्दारंभीचा ‘च’ बऱ्याच शब्दांतून गळालेला आहे. भद्रिराजू कृष्णमूर्तींसारख्या अभ्यासकांनी हा बदल तपशिलात मांडला आहे. म्हणून जुनं रूप ‘चिंकिवेर’सारखं असावं असं धरतात. असं रूप लिहिताना त्याच्या डोक्यावर एक तारा काढायची पद्धत आहे. तारा म्हणजे: हे कुठे लिहिलेलं सापडलेलं नाही, पुराव्यांवरून उभं केलेलं आहे. मला ही पद्धत फार प्रामाणिक वाटते. आपल्याकडे बोलतानाही असा तारा काढायची सोय हवी होती.

यात माझा शोध काहीच नाही हे सांगायला हवं. १८८६ साली निघालेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या अँग्लो-इंडियन शब्दकोशानं शिंगाची व्युत्पत्ती कल्पनेतली ठरवून मलबारच्या ‘इंचि-वेर’कडे बोट दाखवलं होतं. ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ ॲलन रॉस यांनी १९५२ मध्ये या एका शब्दावर स्वतंत्र पुस्तिकाच काढली.

सुनेला हे सगळं फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, “वेर म्हणजे मुळी, हे पटायला काहीतरी दाखवा. नाहीतर एक ‘वेर’ काढून दुसरा ‘वेर’ घालण्यासारखं आहे.” प्रश्न अगदी नेमका. उत्तर तिच्याच घरात होतं. काकू उन्हाळ्यात माठात वाळ्याची जुडी टाकतात. त्या वाळ्याला परदेशी अत्तरांच्या आणि साबणांच्या वेष्टनावर ‘व्हेटिव्हर’ म्हणतात. फ्रेंचमधून इंग्रजीत गेलेला हा शब्द मुळात तमिळ ‘वेट्टिवेर’. त्यातला ‘वेर’ म्हणजे मुळी, आणि वाळा म्हणजे मुळ्याच की. शिवाय विनयपिटकाच्या त्या यादीत सिंगिवेर आणि वाळा दोघे ‘मूळ-औषधं’ म्हणून एकाच ओळीत आहेत. दुसऱ्या साक्षीदारानं स्वतंत्रपणे तेच सांगितलं, असा हा प्रकार.

एक चकवा सांगितल्याशिवाय राहवत नाही. सुनेचा भाऊ जर्मनीत असतो. त्याला ही चर्चा कळली आणि रात्री त्याचा निरोप आला: जर्मनमध्ये आल्याला ‘इंगवर’ म्हणतात! इंजिवेर, इंगवर! जर्मनांनी शब्द थेट तमिळांकडून घेतला! कानाला इतकं गोड लागत होतं की मीही क्षणभर थबकले. पण पायऱ्या मोजल्या की गंमत संपते. जुन्या जर्मनमध्ये हाच शब्द ‘गिंगिबेर’सारखा होता, लॅटिन-फ्रेंच वळणाचा. त्यातला सुरुवातीचा ‘ग’ पुढे जर्मनीतच झडला. तमिळमध्ये पहिला वर्ण गळाला, हजारो कोस दूर जर्मनमध्येही गळाला, आणि दोन चुलत भाऊ टक्कल पडल्यावर जुळे दिसायला लागले. एवढंच.

काकूंचा आक्षेप

सुनेला पटलं होतं. काकूंना नाही. रविवारी सकाळी पोहे-जलेबी खायला बोलावलं आणि वही समोर ठेवली.

“तुम्ही म्हणता मामंजी चुकले.”

मी म्हणाले, चुकले असं नाही. आणि हे मी काकूंना बरं वाटावं म्हणून म्हटलं नव्हतं. शब्दांची फोड सांगणारा यास्काचा निरुक्त हा प्राचीन ग्रंथ आहे, त्यात एक वचन आहे, ‘न त्वेव न निर्ब्रूयात्’: निर्वचन, म्हणजे शब्दाची फोड, केल्याशिवाय मात्र राहू नये. अर्थाकडे लक्ष ठेवा, आणि काहीच जुळत नसेल तर एखाद्या अक्षराच्या, वर्णाच्या साम्यावरून का होईना, पण शब्द उलगडून दाखवा. शब्द कुठून आला याचा इतिहास लिहिणं हे यास्काचं काम नव्हतंच. शब्दात अर्थ कसा भरला आहे ते शिष्याला दाखवायचं होतं. मुलांच्या ध्यानात आलं राहावं म्हणून शिंगाची फोड उत्तम आहे. मामंजींनी शाळेत तेच केलं. लेबलावरची ओळ मात्र ‘यावरून आला’ म्हणते, आणि ‘यावरून आला’ हा इतिहासाचा दावा आहे.

“मग रामायणातलं शृंगवेरपूर?” काकू सोडणाऱ्या नव्हत्या. “गुह राजाचं. तिथेही शृंगवेरच.”

हा आक्षेप मला आवडला, कारण तो मला सुचला नव्हता. अयोध्याकांडात राम गंगेकाठी ज्या निषादराज गुहाच्या नगरीत येतो ते शृंगवेरपूर, आज प्रयागराजजवळचं सिंगरौर. तिथल्या लोकांची परंपरा ते नाव शृंगी ऋषींशी जोडते. म्हणजे एकाच नावात कुणाला आलं दिसतं, कुणाला शिंग, कुणाला ऋषी. गावांच्या नावांवर मी मुळीच भार टाकत नाही. त्यांच्या पाटीवर प्रत्येक पिढी आपली गोष्ट लिहून जाते.

उदाहरणाला लांब कशाला जायचं? महू हे छावणीचं गाव आपल्या उशाशी आहे. इंदुरात निम्म्या लोकांना शपथेवर विचारा, ते सांगतील की महू म्हणजे ‘मिलिटरी हेडक्वार्टर्स ऑफ वॉर’ची इंग्रजी आद्याक्षरं, एम-एच-ओ-डब्ल्यू. फौजी माणूसही सांगेल, तोही अभिमानानं. आता तिथे छावणी वसवली ती कंपनीचा अधिकारी जॉन माल्कमनं, होळकरांशी १८१८ मध्ये झालेल्या मंदसौरच्या तहानंतर. जुन्या इंग्रजी लिखाणात हेच नाव ‘एम-ओ-डब्ल्यू’ असं तीन अक्षरांतही दिसतं, त्यात आद्याक्षरांचा मेळ कसा बसवणार? २००३ मध्ये गावाचं अधिकृत नाव डॉ. आंबेडकर नगर झालं, तरी आद्याक्षरांची गोष्ट जिवंत आहे. अनोळखी नाव दिसलं की माणूस त्यात ओळखीचं काहीतरी पाहतो. अभ्यासक याला लोकव्युत्पत्ती म्हणतात. ‘रिक्रूट’चं ‘रंगरूट’ आणि ‘गॅसलाइट’चं ‘घासलेट’ करताना आपण हेच केलं; ना भरतीचा रंगाशी संबंध, ना रॉकेलचा घासाशी.

इंग्रजांनीही आल्याच्याच बाबतीत हेच केलं आहे. ‘जिंजरब्रेड’ हा शब्द घ्या. जुन्या फ्रेंचमध्ये साखरेत मुरवलेल्या आल्याला ‘जँजाँब्रा’ अशासारखा शब्द होता. इंग्रजीत येताना त्याच्या शेपटीत लोकांना ‘ब्रेड’ ऐकू आला, आणि शेवटी त्या नावाचा एक गोड पावच तयार झाला. म्हणजे जिंजरब्रेडचा मूळ अर्थ काकूंची आल्याची वडी! शब्दामुळे पदार्थ बदलला. आपल्या इंदूरच्या शिकंजीचंही तसंच. फारसीत सिरका म्हणजे शिर्का आणि अंगबीन म्हणजे मध, त्यांचं मिळून सिकंजबीन. तेच नाव फिरत फिरत इथे आलं आणि आज त्या नावानं पेल्यात मिळतं ते सुक्यामेव्याचं घट्ट दूध. त्यात शिर्का शोधू नये.

जिंजरब्रेडची गोष्ट ऐकून काकू जरा सैलावल्या. इंग्रजही फसले म्हटल्यावर मामंजींची बाजू त्यांना सावरल्यासारखी वाटली असावी. पण खरा प्रश्न त्यांनी मग विचारला: “म्हणजे शब्द आपला नव्हेच का?”

यावर मी लगेच काही बोलले नाही. दोन दिवसांनी बंबई बाजारात एका यूनानी औषधांच्या दुकानात दुसऱ्याच कामाला गेले होते. फडताळावर एक बाटली होती: जवारिश जंजबील. विचारलं तर दुकानदार म्हणाले, “सोंठ है बहनजी, नाम अरबी है.” अरबी जंजबील म्हणजे आपलं तेच सिंगिवेर, इराणच्या वाटेनं गेलेलं. कुराणाच्या ७६ व्या सुरेत स्वर्गातल्या पेयाचं वर्णन येतं, त्यात जंजबील मिसळलेलं आहे.

घरी येताना लक्षात आलं की हा एक शब्द इंदुरात तीन फडताळांवर बसला आहे. वैद्याकडे शृंगवेर, हकिमाकडे जंजबील, आणि कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात बिस्किटाच्या पुड्यावर जिंजर. तिघे एकाच आईची लेकरं, एकमेकांना ओळखत नाहीत. आणि आपल्या स्वयंपाकघरात तिघांपैकी कुणीच नाही! आपण म्हणतो आलं. ते आलंय आर्द्रकावरून, आर्द्र म्हणजे ओलसर. प्राकृतात ‘अल्लय’, मराठीत ‘आलें’. हिंदीचं अदरक, गुजरातीचं आदू, बंगालीचं आदा त्याच घरातले. आणि वाळलं की सुंठ, शुंठीवरून. रामनवमीला सुंठवडा वाटतो ती सुंठ. आणि जिच्यावाचून खोकला जातो तीही. तेलुगूत तर उलटा व्यवहार झाला. द्राविडी भाषा असूनही तिथे आल्याला ‘अल्लम’ म्हणतात, म्हणजे आपल्या प्राकृताचा शब्द. दक्षिणेनं उत्तरेला सिंगिवेर दिलं, उत्तरेनं अल्ल दिलं. या देण्याघेण्यात ‘आपलं’ कुणाचं ते मला तरी वेगळं काढता येत नाही, आणि काकूंना मी तेवढंच सांगितलं.

लेबल

जागा होती पाच ओळींची. मी लिहिलेला पहिला मसुदा अकरा ओळींचा झाला. सुनेनं तो न वाचताच परत केला. दुसऱ्यात ‘पुनर्रचित द्राविडी रूप’ असे शब्द होते. “वडी खाताना कोण वाचणार हे?” तिसरा आम्ही दोघींनी ओट्याशी उभं राहून केला.

ठरलेला मजकूर: “दक्षिण भारतात ‘वेर’ म्हणजे मुळी. आल्याच्या मुळीचं तिथलं नाव पालीत ‘सिंगिवेर’ झालं, ग्रीक आणि लॅटिनमध्ये ‘झिंगिबेर’, इंग्रजीत ‘जिंजर’. संस्कृतानं त्यात शिंग पाहिलं आणि म्हटलं ‘शृंगवेर’.” शेवटचं वाक्य काकूंच्या आग्रहाचं. मला आधी ते नको होतं. नंतर वाटलं, हेच वाक्य सगळ्यांत अचूक आहे: संस्कृतानं पाहिलं, असं ते म्हणतं, तिथून आलं, असं म्हणत नाही. तारा मात्र छापता आला नाही. सून म्हणाली, लोकांना वाटेल खाली काहीतरी अटी लागू आहेत.

जाता जाता ‘कँडी’चंही पाहून घेतलं. फ्रेंचमधून मागे अरबी ‘कंद’, फारसी ‘कंद’, संस्कृत ‘खंड’: मंडीत अजून पोत्यावर मिळते ती खांड. ते लेबलावर घालायचा मोह मी आवरला. नाहीतर वडीला जागा उरली नसती.

प्रुफं आली त्या दिवशी काकूंनी चष्मा लावून ती दोनदा वाचली. मग बोट चित्रावर ठेवलं. “मग आता हे शिंग बदलायला सांगू का त्या पोरीला?”

सुनेनं मंडीतून आलेल्या आल्याच्या पिशवीत हात घातला, एक मोठं फाटेदार बोट काढलं आणि चित्राशेजारी ठेवलं. तिघी बघत राहिलो. चित्र तसंच छापायला गेलं.